टांकसाळींतून धक्क्यावर

मालवणच्या धक्क्यावर उभें राहून समोर पाहिलें म्हणजे सिंधुदुर्गाचा तट दिसतो, आणि त्या तटाच्या भोवतीं पाण्यांतून डोकीं वर काढणारे खडक दिसतात. कांहीं खडक ओहोटीलाच दिसतात. कांहीं कधींच दिसत नाहींत, ते फक्त तांडेलाला ठाऊक असतात. परगांवच्या पाहुण्यांस हा देखावा फार रमणीय वाटतो आणि तो रमणीय आहेहि. आमच्या आजीला मात्र त्याचें फारसें कौतुक नव्हतें. तिच्या लेखीं मालवण बंदर म्हणजे मुंबईच्या आगबोटींतून पडावांत उतरण्याचा प्रसंग. बोट बाहेर खोल पाण्यांत थांबे. शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभें राहून लाट वर येण्याची वाट पाहावयाची आणि ती आली कीं खालच्या पडावांत पाय टाकावयाचा. कडेवर तान्हें मूल, लुगड्याचा घोळ भिजलेला, ट्रंक दुसऱ्याच पडावांत गेलेली. पडावहि वाळूला लागत नसे, म्हणून शेवटचे दहा-वीस हात खलाशाच्या खांद्यावरून पार करावे लागत. तेवढ्या अंतरांत सोवळें-ओवळें कोठें राहत असे हें तिनें कधीं सांगितलें नाहीं, आणि विचारण्याची आमची प्राज्ञा नव्हती. "मुंबईला मात्र सुक्या पायांनीं उतरतां येतें," एवढेंच ती म्हणे.

ती बोट बंद होऊनहि आतां कित्येक वर्षें लोटलीं. परंतु तिचें तें वाक्य आमच्या मनांत राहून गेलें. मुंबईला सुक्या पायांनीं उतरतां येतें आणि मालवणला येत नाहीं, हें काय केवळ खडकांमुळें? मुंबईचा समुद्र जात्याच इतका शांत आणि इतका खोल आहे काय? या प्रश्नाचा माग काढतां काढतां आम्ही एका अशा गृहस्थापाशीं येऊन पोंचलों, कीं ज्याचें नांव आमच्या घरांत रोज उच्चारलें जात होतें आणि तो कोण हें कोणालाच माहीत नव्हतें. आमचे दोन काका 'बॅलार्ड इस्टेटींत' नोकरीला होते. पत्रांवर तो पत्ता असे, गप्पांत तो असे. बॅलार्ड हें एखाद्या दगडाचें नांव आहे कीं माणसाचें, असा संशय आम्हां मुलांस पुष्कळ दिवस होता.

बॅलार्ड हा माणूस होता. जॉन आर्चिबाल्ड बॅलार्ड; जन्म १८२९, पेशा लष्करी इंजिनिअरचा, नोकरी कंपनी सरकारच्या मुंबई इलाख्यांतील. चार वर्षें इकडे काढल्यावर प्रकृतीच्या कारणानें रजा घेऊन ते १८५४ सालीं विलायतेस निघाले, आणि वाटेंत तुर्कस्तान व रशिया यांच्या युद्धाची बातमी कानीं येतांच रजा बाजूस ठेवून डॅन्यूब नदीवरील सिलिस्ट्रियाच्या वेढ्यांत जाऊन तुर्कांच्या बाजूनें लढले. आजाऱ्याची ही रजा पाहून हंसूं येतें खरें! पुढें उमर पाशाच्या सैन्यांत त्यांनीं नांव मिळविलें, नंतर इराणच्या मोहिमेंत काम केलें, आणि १८५८ सालीं राजपुतान्यांत तात्या टोपे यांच्या पाठलागावर असलेल्या फौजेंतहि ते होते. तेव्हां या गृहस्थांविषयीं आम्हां मराठी माणसांस प्रेम वाटण्याचें कांहीं कारण नाहीं. तें वाटावें असा आमचा आग्रहहि नाहीं. मात्र या शिपाईगड्याच्या आयुष्याचा पुढचा भाग अगदीं निराळ्या रंगाचा आहे, आणि आपल्या उपयोगाचा तोच आहे.

युद्धें संपल्यावर बॅलार्डसाहेब मुंबईच्या टांकसाळीचे मुख्य अधिकारी झाले. टांकसाळ म्हणजे तोफा नव्हेत, तराजू. गुंजेचा हिशेब चुकला तरी जाब द्यावा लागतो. आणि काळ कोणता, तर अमेरिकेंत यादवी माजून तिकडचा कापूस विलायतेस जाणें थांबलेलें, मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आलेला, आणि चांदीचा पूर या बंदरांत लोटलेला. १८६१ ते १८६५ या चार-पांच वर्षांत मुंबईंतील माणसें वेडीं झालीं होतीं असें म्हटलें तरी चालेल. समुद्र हटवून जमीन काढण्याच्या कंपन्या निघाल्या आणि त्यांच्या भागांचे भाव आभाळास भिडले. १८६५ मध्यें अमेरिकेंतील युद्ध थांबतांच हा सारा डोलारा कोसळला. ज्या चांदीवर हा खेळ चालला होता ती नाण्यांत पाडणाऱ्या माणसानें हा चढ आणि हा उतार शेजारीं बसून पाहिला. पुढें त्यांच्या हातून जें काम झालें त्याची शिकवण त्यांस याच टांकसाळींत मिळाली असावी, असा आमचा तर्क आहे.

आतां बंदराकडे वळूं. त्या वेळचें मुंबई बंदर आमच्या आजीच्या मालवणाहून फारसें वेगळें नव्हतें, हें ऐकून वाचकांस आश्चर्य वाटेल. मोठीं जहाजें खाडींत नांगरून राहत. माल पडावांत उतरवून निरनिराळ्या बंदरांवर, म्हणजे किनाऱ्यावरील लहानमोठ्या धक्क्यांवर, आणीत. भरती-ओहोटीचा फरक मोठा, पावसाळ्यांत वारा नैर्ऋत्येचा. माल भिजे, फुटे, चोरीस जाई. आणि हे धक्के कोणाचे? ज्याची त्याची खाजगी मालकी. त्यांत सर्वांत मोठी एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनी. तिनें १८६२ सालीं सरकारशीं करार केला कीं, आगगाडीच्या स्थानकासाठीं सरकारला शंभर एकर जमीन समुद्रांतून काढून द्यावी आणि मोबदल्यांत स्वतःसाठीं अडीचशें एकर काढून घ्यावी. करार वाचतांना गोड वाटतो, परंतु त्याचा अर्थ असा होता कीं, सगळ्या पश्चिम हिंदुस्थानचा माल ज्या दारांतून जातो-येतो त्या दाराची किल्ली एका भांडवलदार मंडळीच्या कमरेला लागणार.

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांस ही अडचण समजावून सांगण्याची गरज नाहीं. वाड्याच्या मागच्या अंगणांत समाईक विहीर असते. वाटण्या झाल्या, प्रत्येक भावानें आपापली भिंत घातली, आणि विहीर ज्याच्या वांट्याच्या भिंतीआड गेली तो उद्यां रहाटाला कुलूप घालूं लागला, तर बाकीच्यांनीं काय करावें? तोंडानें गोड बोलून दिवस काढतां येतील, पण तो अधिकार नव्हे. शहाणा वडील माणूस वाटणीच्या वेळींच विहीर बाजूस काढतो. मुंबईच्या बाबतींत हें शहाणपण उशिरां सुचलें, पण सुचलें. १८६९ मध्यें सुएझचा कालवा खुला झाला, युरोप निम्म्यावर आलें, आतां बंदराची घालमेल चालणार नाहीं हें उघड झालें, आणि १८७० सालीं सरकारनें एल्फिन्स्टन कंपनी तिच्या जमिनीसह विकत घेतली. पुढें १८७३ च्या कायद्यानें पोर्ट ट्रस्ट, म्हणजे विश्वस्तांचें मंडळ, निर्माण करून तें सारें त्याच्या स्वाधीन केलें. त्या मंडळाचे पहिले अध्यक्ष कर्नल बॅलार्ड.

येथें 'विश्वस्त' हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरीत आहों. सरकारी खातें आणि विश्वस्त मंडळ यांत भेद आहे. सरकारी खात्यांत आलेला पैसा तिजोरींत जातो आणि पुढें कोठें खर्ची पडतो हें देवास ठाऊक. विश्वस्तांनीं मात्र बंदराचें उत्पन्न बंदरासाठींच राखावें, कर्ज बंदराच्या नांवें काढावें, बंदराच्या उत्पन्नांतून फेडावें, आणि स्वतः एक पैचाहि नफा घेऊं नये, अशी ही योजना. देवस्थानचें उत्पन्न देवाचें. पंचांनीं फक्त दिवाबत्ती पाहावी, तशांतला हा प्रकार.

पहिलीं वर्षें सोपीं गेलीं नाहींत. ट्रस्टच्या हातांत किनाऱ्याचा कांहींच भाग. बाकीचे धक्के अजून खाजगी मालकांचे. ते दर उतरवून गिऱ्हाईक ओढीत. ट्रस्टला तसें करतां येईना, कारण डोक्यावर सरकारचें कर्ज. समाईक विहीर मोकळी झाली, पण शेजाऱ्यांच्या आडांवर लोक जाऊं लागले म्हणाना! तेव्हां उपाय एकच होता: ते सारे आड विकत घेणें. ती बोलणीं वर्षानुवर्षें चाललीं, आणि १८७९ सालीं खाजगी धक्क्यांचे हक्क व कुलाब्याची ससून गोदी हीं ट्रस्टच्या ताब्यांत आलीं. ससून गोदी ही १८७५ सालची. पश्चिम किनाऱ्यावरची पहिली बांधीव ओली गोदी, आणि तीहि एका व्यापाऱ्यानें बांधलेली. त्याच वर्षीं नवा कायदा होऊन विश्वस्तांची संख्या तेरा ठरली आणि त्यांतील पांच निवडण्याचा अधिकार व्यापाऱ्यांच्या चेंबरास मिळाला. हें चेंबर युरोपियन व्यापाऱ्यांचें. ज्यांचीं गलबतें, पडाव आणि मचवे पिढ्यान्पिढ्या या पाण्यांत हिंडत होते, त्या कोळ्या-भंडाऱ्यांचा किंवा खारव्यांचा एकहि माणूस त्यांत नव्हता. योजना देवस्थानची, परंतु पंच बाहेरगांवचे. ही उणीव झांकण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं.

इकडे प्रिन्स गोदीचें काम सुरू होतें. ११ नोव्हेंबर १८७५ रोजीं इंग्लंडच्या युवराजानें तिचा पाया घातला. इंजिनिअर टॉमस ऑर्मिस्टन. गोदी म्हणजे काय, हें ज्यांनीं पाहिलें नाहीं त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. समुद्राला लागून दगडी भिंतींचें प्रचंड कुंड बांधतात आणि त्याला दरवाजे ठेवतात. भरतीला दरवाजे उघडून जहाज आंत घ्यावयाचें आणि पाणी उतरूं लागण्यापूर्वीं ते लावून टाकावयाचे. बाहेर ओहोटी लागून चिखल उघडा पडला तरी आंतलें पाणी हालत नाहीं. जहाज भिंतीला टेकून उभें राहतें आणि माल, माणसें सरळ जमिनीवर उतरतात. आजीच्या सुक्या पायांचें मूळ तें हें. प्रिन्स गोदीचें पाणी तीस एकरांचें.

या खोदकामांत एक विलक्षण गोष्ट घडली. चिखलाखालच्या निळसर मातींत मजुरांच्या कुदळी लांकडाला लागल्या. पाहतात तों समुद्राच्या तळाखालीं झाडांचीं खोडें, पुष्कळशीं मुळांवर सरळ उभीं. तीं खैराचीं होतीं, म्हणजे आपल्या कोंकणच्या रानांत ज्यापासून कात काढतात त्याच झाडाचीं. कोणे एके काळीं तेथें कोरडी जमीन आणि रान होतें. जमीन खचली आणि समुद्र आंत आला. मुंबईच्या वैभवाची पहिली मोठी गोदी खैराच्या बनांत खणली गेली, ही हकीकत आम्हांस तरी त्या साऱ्या कोनशिला-समारंभाहून अधिक मोलाची वाटते.

१ जानेवारी १८८० रोजीं गोदी खुली झाली. बॅलार्डसाहेब त्यापूर्वींच, १८७९ मध्यें, निवृत्त झाले होते. घरीं परततांना वाटेंत ते ग्रीस देशांत थांबले आणि थर्मोपिलीची प्राचीन रणखिंड पाहत असतां, एप्रिल १८८० मध्यें, त्यांस अकस्मात् मृत्यु आला. वय अवघें पन्नास. तरुणपणीं रजेवर निघून रणांत शिरलेला हा माणूस म्हातारपणाची रजाहि रणभूमि पाहण्यांतच घालवीत होता, हा योगायोग मोठा चमत्कारिक आहे.

त्यांच्या मागें काम थांबलें नाहीं. विश्वस्त मंडळाचा गुण तोच असतो. १८८८ मध्यें व्हिक्टोरिया गोदी झाली, १९१४ मध्यें अलेक्झांड्रा गोदी झाली, जिला आज आपण इंदिरा गोदी म्हणतों. अलेक्झांड्रा गोदी खणतांना निघालेला दगड-माती टाकून सुमारें बावीस एकर जमीन तयार केली, जॉर्ज विटेट या वास्तुशिल्पज्ञानें तीवर एकाच घाटाच्या इमारती आंखल्या, आणि तिला पहिल्या अध्यक्षाचें नांव दिलें. बॅलार्ड इस्टेट ती हीच, टांकसाळीपासून हांकेच्या अंतरावर. विलायतेच्या बोटी जेथें लागत त्या धक्क्यासहि तेंच नांव. २८ डिसेंबर १९३१ रोजीं गोलमेज परिषदेहून परतलेले गांधीजी उतरले ते बॅलार्ड पियरवर. तात्या टोप्यांच्या पाठीवर असलेल्या फौजेंतील माणसाच्या नांवाच्या धक्क्यावर त्या दिवशीं जो जयजयकार झाला, तो ऐकावयास साहेब असते तर त्यांनीं काय म्हटलें असतें कोण जाणे.

आतां पुन्हां आपल्या किनाऱ्यावर येऊं. मुंबईंत हें सारें घडत असतां इकडे काय चाललें होतें? मालवण आणि वेंगुर्लें हीं दोन्ही बंदरें १८१२ सालीं इंग्रजांकडे गेलीं, पहिलें कोल्हापूरकरांकडून आणि दुसरें सावंतवाडीकरांकडून. मालवणची गोष्ट आधीं सांगतों. शिवछत्रपतींनीं २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं मालवणच्या किनाऱ्यावर पूजा करून सिंधुदुर्गाचें काम सुरू केलें आणि १६६७ मध्यें तें पुरें झालें. अठ्ठेचाळीस एकरांचें बेट, भोवतीं नागमोडी तट. महाराजांनीं ही जागा हेरली ती या खडकांसाठींच. परक्या जहाजाला आंत येण्याची वाट सांपडूं नये आणि आपल्या लहान गलबतांना ती पाठ असावी, यांतच सारें मर्म होतें. ज्या खडकांनीं एके काळीं शत्रूचें जहाज दूर ठेवलें, त्याच खडकांनीं पुढें आगबोटीलाहि दूर ठेवलें. खडकांस काळ बदलल्याचें कोण सांगणार?

वेंगुर्ल्याची गोष्ट मात्र मनाला अधिक लागते. तेथें व्यापार होता. बेळगांवच्या छावणीचें सामान त्या बंदरांतून वर जाई, आणि घाटमाथ्यावरचा कापूस आंबोलीच्या वाटेनें गाड्या भरभरून खालीं येई. मग १८८८ च्या सुमारास आगगाडी गोव्याच्या मार्मागोवा बंदरापर्यंत गेली आणि कापूस त्या वाटेला लागला. समुद्र तोच, बंदर तेंच, तांडेल तेच. पाठीमागची वाट तेवढी बदलली. मुंबईला आगगाडी आणि गोदी यांची सांगड घालून देणारे विश्वस्त होते. वेंगुर्ल्यासाठीं कोण बोलणार? जकातीचें खातें जकात घेई, बांधकामाचें खातें जमलें तर धक्क्याची डागडुजी करी, आगबोटीची कंपनी तिकिटें विके. बंदर म्हणून ज्याला काळजी वाटावी असा धनी कोणीच नव्हता. किनाऱ्याचा पैसा किनाऱ्यावर राहील अशी सोय नव्हती.

येथें कोणी म्हणेल, मालवणला मुंबईसारखी गोदी बांधून काय करावयाचें होतें? प्रश्न रास्त आहे, आणि आम्ही प्रांताभिमानानें त्याचें उत्तर देणार नाहीं. पाठीशीं सह्याद्रीची भिंत, पुढें खडक, आंत उथळ पाणी. मोठें व्यापारी बंदर होण्याजोगी ही जागा नव्हे. परंतु आजीला गोदी नकोच होती. दहा-वीस हात पाण्यावर एक नीट धक्का आणि भरंवशाचा पडाव, एवढेंच तिला हवें होतें. तेवढ्यास तेरा विश्वस्त लागत नाहींत. एक लागतो, पण तो लागतोच.

मग आपला किनारा काय करूं लागला? त्यानें माणसें पाठविलीं. रत्नागिरी जिल्ह्यांतून, ज्यांतून १९८१ सालीं सिंधुदुर्ग निराळा झाला, दर घरटीं कोणीतरी मुंबईला गेलें. कोणी गिरणींत, कोणी आगबोटीवर, कोणी कचेरींत, आणि पुष्कळजण गोदींत. घरें मनिऑर्डरींवर चाललीं. १४ एप्रिल १९४४ च्या दुपारीं व्हिक्टोरिया गोदींत 'फोर्ट स्टिकीन' बोटीला आग लागली. पोटांत कापसाच्या गांठी आणि दारूगोळा एकत्र. दोन स्फोट झाले, व्हिक्टोरिया आणि प्रिन्स या दोन्ही गोद्या उद्ध्वस्त झाल्या, शेंकडों माणसें मेलीं. त्या आठवड्यांत कोंकणांतल्या गांवोगांवीं टपालवाल्याची वाट कशी पाहिली गेली, हें आमच्या घरांतील वडील माणसें सांगत. पत्र आलें तर बरें, तार आली तर वाईट, आणि कांहींच न आलें तर सर्वांत वाईट. आमच्या आळींत एका घरीं अकराव्या दिवशीं पत्र आलें. मुलगा त्या दिवशीं तापानें खोलीवर पडून होता म्हणून वांचला. त्या तापाचे उपकार मानून त्याची आई पुढें दर चैत्रांत सत्यनारायण करी.

मुंबईच्या ट्रस्टचें नांव २०२१ च्या कायद्यानें बदललें. आतां तें प्राधिकरण आहे. आमच्या किनाऱ्यावरील लहान बंदरांसाठीं १९९६ मध्यें महाराष्ट्र सागरी मंडळ स्थापन झालें, आणि १९९८ मध्यें कोंकण रेल्वे सुरू झाल्यापासून मुंबईहून येणारा चाकरमानी कणकवलीस किंवा कुडाळास उतरून सुक्या पायांनींच घरीं पोंचतो. समुद्राकडे त्याची पाठ असते. मालवणच्या धक्क्यावर आतां गर्दी असते ती किल्ला पाहावयास येणाऱ्यांची. वैशाख सरतां सरतां त्या होड्याहि बंद होतात आणि किनारा दोन-अडीच महिने निर्मनुष्य होतो. मग श्रावणांत नारळी पौर्णिमेला सारा गांव धक्क्यावर लोटतो, वाजतगाजत समुद्रास नारळ देतो, आणि तांडेल मंडळी पाण्याचा रंग पाहून होड्यांखालच्या ओंडक्यांना हात घालूं लागते.